शिवलेली वाट

सिस्टरच्या एका साध्या वाक्याने शिंपीकाका हादरले.

काकूंना नुकतंच आत नेलं होतं. डोळे पिवळेधमक, अंगात हुडहुडी, तरी तोंडाने "होईल हो बरं" चालूच. पित्तनळीत खडा अडकलाय, तिथे पू धरलाय, आजच्या आज काढायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कसा काढतात हो तो?" काकांनी आपलं बसल्या बसल्या विचारलं.

"तोंडातून दुर्बिणीची नळी घालतात, काका. जठरातून पुढे आतड्यात उतरलं की तिथेच पित्तनळीचं तोंड असतं. घाबरू नका."

घाबरू नका म्हणे! अहो, जठरातून पुढे जायची वाटच बंद होती! वजन उतरवायला काकूंनी मागे परगावी जाऊन ऑपरेशन करून घेतलं होतं. जठराचा वरचा एवढासा कोपरा ठेवला, बाकीचं कापून वेगळं शिवून टाकलं आणि खालचं आतडं वर ओढून त्या कोपऱ्याला जोडलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. शिवणकाम ते, काकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

लोकांना मात्र काय सांगितलं? तर रोज चालून आणि जिभेला लगाम घालून वजन उतरवलं! आजूबाजूच्या बायका शिकायला येऊ लागल्या, तशी काकूंनी चालण्याचा वर्गच काढला. पोटावरच्या बारीक व्रणांचं कोणी विचारलं, तर "गर्भाशयाची गाठ काढली." आज सकाळी डॉक्टरांनाही तेच ऐकवलं, कारण लेक उशाशी उभी होती. पित्ताच्या खड्याशी त्या जुन्या ऑपरेशनचा काय संबंध, असं वाटून काकाही गप्प बसले.

शिवाय काकूंनी बजावलं होतं, "लेकीला कळलं तर माझं मेलेलं तोंड बघाल."

लेक आत्ता शेजारीच बसली होती. अंगाने आई पूर्वी होती तशीच. काही केल्या वजन हटत नव्हतं. उपाशी राहून राहून चक्कर येऊन पडली, तेव्हा आई म्हणाली होती, "मला जमलं, तुलाच कसं जमत नाही? मनच कच्चं तुझं." काका त्या वेळी मशीनवर मान खाली घालून शिवत राहिले होते.

दारावरचा लाल दिवा लागला. सांगावं तर मेलेलं तोंड, न सांगावं तरी मेलेलं तोंड. ते उठले आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागले.

"अहो, थांबा! नळी घालू नका! तिचं जठर कापलंय, वजनासाठी बायपास केलाय! तिथून वाट नाहीये हो!"

डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले. "आधी का नाही बोललात? नशीब, अजून नळी घातली नव्हती. वाट शोधत जोर केला असता तर आतडं फाटलं असतं."

"मग आता?"

"आता पोटाला छिद्रं पाडून ते वेगळं केलेलं जठर गाठायचं आणि त्यातून दुर्बीण घालायची. सर्जनना बोलावतोय. पण ब्लडप्रेशर उतरतंय त्यांचं. खात्री देत नाही, काका."

दार लागलं. काका तिथेच भिंतीला टेकले. मागे वळून बघायचा धीर होईना.

"बाबा," लेक म्हणाली, "म्हणजे आई चालून बारीक झालीच नाही?"

"नाही गं."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

लेक उठून दारापाशी गेली. काचेतून नुसता पांढरा पडदा दिसत होता. ती हुंदके आवरत त्याच्याकडेच बघत राहिली.

"तिला जिवंत बाहेर आणायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "मला तिच्याशी भांडायचंय."