पाच चाळीसचा आवाज

पाच वाजून गेले, पाच सत्तेचाळीस झाले तरी आवाज आला नाही. राजमने फोन बंद करून पुन्हा चालू केला. बिघाड असलाच तर आपल्याकडचाच असणार, हे ती आधी धरून चालायची.

"अम्मा, काफी निवून गेली," सून अखिला स्वयंपाकघरातून म्हणाली. "फोनांत काय शोधतां?"

"कांही नाही ग. वेळ बगत होतें."

समोरच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ होतं. अखिलाने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि दुसरी काफी करायला घेतली.

'तंजावूर मराठी मंडळी' या व्हॉट्सअॅप गटात एकशे बेचाळीस माणसं होती. बोलणारी पंधरा-वीस, बाकीची नुसते हात जोडणारी. राजम हातसुद्धा जोडत नसे. सहा वर्षांत तिने त्यात एक अक्षर टाकलं नव्हतं. वाचायची मात्र सगळं. कुणाचं बारसं, कुणाचं बारावं, कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया. दोघांचं राजकारणावरून वाजलं तेव्हा या बाईला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. कुणाला शुभेच्छा लिहायला घ्यायची, अर्ध्यात पुसायची. चुकीचं पडलं तर? एकशे बेचाळीस जण बघणार!

रोज पहाटे पाच चाळीसला तंजावूरजवळच्या पापनाशमहून त्यागराज अण्णांचा आवाज यायचा. गटात देवनागरी वाचणारे फारसे उरले नव्हते, म्हणून अण्णा पंचांग बोलून पाठवत. वार, तिथी, नक्षत्र, आणि शेवटी स्वतःच्या एकट्याच्या स्वयंपाकाची बातमी. "आज गोडसार केलों. मीठ विसरलों." खाली हात जोडल्याची चित्रं पडायची. राजम ते दोनदा ऐकायची.

अण्णा तिचे आत्येभाऊ. पण सत्तेचाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

राजम तेव्हा टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडायचा, बोलणं सुरू झालं एवढं ऐकायचं आणि कळ वर करून आपलं ऐकणं बंद करायचं, हा नियम. एका दुपारी अण्णांनी मद्रासच्या डॉक्टरांना कॉल लावला. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. "लहानपणच्या फिट्स. परवां पुन्हा एक आली. लग्न करूं कां?" एवढं ऐकून राजमने नियमाप्रमाणे कळ वर केली. संध्याकाळी काळजीपोटी फक्त आईला सांगितलं. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत आईला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. आठवड्यात लग्न मोडलं. अण्णा तिच्या दारात आले. ओरडले नाहीत.

"डॉक्टर 'कर' म्हणाले होते, राजम. तेवढं ऐकली नाहीस."

त्यांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. राजमचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. पण चार माणसांत तोंड उघडायची तिची भीती काही गेली नाही. पहाटेचा तो आवाज मात्र ती चोरून ऐकत राहिली. ऐकणारा कुणाला दिसत नाही, हे ती ऑफिसात शिकली होती.

आठ वाजता गटात भरद्वाजने लिहिलं, आज अमावास्या, अण्णा तर्पणाला नदीवर गेले असतील. अकरा जणांनी अंगठे दाखवले. झालं, सगळे निश्चिंत!

राजमला घरात बसवेना. ती परसात गेली, वाळत घातलेले कपडे उगाच उलटे करून आली. अमावास्येला अण्णा पाचलाच पाठवतात. नदीवर जायचं असतं म्हणून आधी पाठवतात. सहा वर्षांच्या सगळ्या अमावास्या तिने ऐकल्या होत्या. दुसऱ्या कुणीच ऐकल्या नव्हत्या का? अण्णांचा नंबर काढला, ठेवला. पुन्हा काढला. कोणत्या तोंडाने? आणि ते बरे असले, तर काय म्हणतील? अजून माझ्या मागावर आहेस?

"अम्मा, काय जालं तें सांगा तरी," शेवटी अखिला सासूसमोर येऊन बसली.

"अण्णांचा आवाज आला नाही. फिट आली असेल तर? एकटे असतात ग."

"मग गटांत विचारा!"

"मी? मज नको. तूं विचार."

"मज विचारलं, तुला कसं कळलं म्हणून, तर मी काय सांगूं? मी ऐकतच नाही."

राजमने अण्णांचा नंबर दाबला. घंटा वाजून वाजून थांबली. मग तिने गट उघडला आणि अखिलाने दाखवलेल्या जागी अंगठा दाबून धरला. आवाज ऑपरेटरचा निघाला, सरळ आणि मोठा.

"मी राजम. त्यागराज अण्णा अमावास्येला पांचाला बोलतात. आज बोलले नाहीत. फोन घेत नाहीत. पापनाशमांत कोण आहे? अत्तांच जाऊन दार उघडा."

पापनाशमच्या कार्तिकेयने शेजाऱ्याला घेऊन दार फोडलं. अण्णा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते. अर्धांगवायूचा झटका. तंजावूरच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला, वाचा गेली.

गटात राजमचं कौतुक झालं. तिने ते वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला. रविवारी कार्तिकेयने फोन केला. "अक्का, पांच चाळीस जाले कीं अण्णा तळमळतात. डाव्या हाताने फोन मागून घेतात, कानाला धरतात. कांही येत नाही, मग ठेवतात."

सोमवारी पहाटे राजम नवऱ्याचं जुनं भिंग आणि पंचांग घेऊन बसली. तीनदा बोलून पुसलं. चौथ्यांदा अंगठा उचलून पाठवलं.

"नमस्कार. आज सोमवार. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी. पूर्वाषाढा नक्षत्र." मग थोडं थांबून, "आज आमच्या घरीं गोडसार. मीठ विसरलें नाही."

हात जोडल्याची चित्रं पडू लागली. एक, चार, नऊ.

"ऐकलं कां सगळ्यांनी?" तिने अखिलाला विचारलं.

"थांबा, बगून सांगतें." अखिलाने तो संदेश दाबून एक यादी उघडली. "पाठवलं त्याला कळतं, अम्मा. कोण नुसतं पाहिलं, कोण ऐकलं, सगळं." मग ती हसली. "हात जोडणारे कोण्ही ऐकले नाहीत. एकच नाव आहे."

राजमने भिंग यादीवर धरलं. त्यागराज, पापनाशम.

तिने भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे अण्णा पाठवत होते तेव्हां... त्यांसही माझं नाव दिसत होतं?"

"दिसणारच की. रोज."

राजमने डोळे पुसले. मग पंचांगाचं पान तसंच उघडं ठेवून, उद्याच्या पंचमीवर भिंग धरून ती नक्षत्र शोधू लागली.