घराकडं चालणारे ठिपके

इंग्रज लोकांना चालण्यापलीकडे दुसरा उद्योगच नसावा, असं करुणाला पहिल्याच आठवड्यात वाटलं. पाय ओढत गेला तर शफल, लंगडत गेला तर लिम्प, झोकांड्या खात गेला तर स्टॅगर, चवड्यांवर गेला तर टिपटो. दमून पाय उचलला तर त्यालाही निराळा शब्द. पण हर्सूलच्या त्या दोन खोल्यांतली चूल याच शब्दांवर पेटत होती, म्हणून तिनं ते मुकाट्यानं घोटून पाठ केले.

काम घरबसल्या, लॅपटॉपवरचं. पडद्यावर चालणारं माणूस यायचं, पण त्याला चेहरा नाही, कपडे नाहीत. डोकं, खांदे, हात, गुडघे, घोटे यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके. चाल बघायची आणि खाली दिलेल्या शब्दांतला नेमका शब्द निवडायचा, म्हणजे यंत्राला माणसांची चाल कळू लागते. कामावर घेताना कंपनीच्या हिमांशू सरांनी परीक्षा म्हणून ओळखीच्या कुणाच्या तरी चालीचं इंग्रजीत वर्णन लिहून घेतलं होतं. करुणानं बाबांच्या चालीचं लिहिलं.

बाबा म्हणजे बन्सी. चितेगावच्या कारखान्यात पायावर पत्रा पडला तेव्हापासून उजवा पाय टेकवण्याआधी ते तो क्षणभर हवेत धरायचे, जमिनीला विचारल्यासारखा, आणि मगच टेकवायचे. गेल्या वर्षी एका सकाळी हर्सूलच्या तळ्याकडं फिरायला गेले ते आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, तळं धुंडाळून झालं, हाती काही लागलं नाही. करुणाच्या आईला, मनकर्णाबाईला, ना धड रडता येत होतं, ना वाट बघणं सोडता येत होतं.

एका दुपारी ते ठिपके आले. उजवा घोटा हवेत थांबला, मग टेकला. करुणानं आईला हाक मारली, कशासाठी ते सांगितलं नाही. मनकर्णाबाईच्या गुडघ्यांनी कधीच दगा दिला होता. कमरेवर हात ठेवून, दोन्ही बाजूंना झुलत ती आली. पडद्याकडं बघितलं आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

"तुझे बाबा हायेत," ती म्हणाली. "कुठं चाललेत?"

करुणानं लगेच हिमांशू सरांना फोन लावला. हे चित्रण कुठल्या गावातलं आहे, एवढंच तिनं विचारलं. ते म्हणाले, कुठल्याच गावातलं नाही. परीक्षेत लिहिलेली वर्णनं यंत्राला देतात आणि यंत्र त्यावरून चालणारी माणसं बनवतं. खरं माणूस त्यात कुणीच नसतं. नव्या वर्णनांची गरज आहे, अजून लिहून पाठवलीत तर बरंच होईल, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं.

करुणाला स्वतःचाच राग आला आणि तो तिनं आईवर काढला. ते बाबा नाहीत, मी लिहिलं म्हणून ते ठिपके तसे चालतात, असं तिनं फटकन सांगून टाकलं. मनकर्णाबाई रागावली नाही, रडली नाही.

"तू लिवलं म्हणून चालतेत नव्हं? मंग घराकडं चालतेत असं लिव."

करुणानं नाद सोड म्हणून सांगितलं, पण म्हातारी ऐकेना. रोज शेजारी येऊन बसायची, परक्यांचे ठिपके निरखायची, जेवायला उठायची नाही. तिचे हाल बघवेनात. शेवटी तिची समजूत काढायची म्हणून करुणानं लिहिलं की उजवा पाय हवेत थांबवून टेकवणारा एक माणूस आपल्या घरी चालत येतो. एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

काही दिवसांनी दुपारचं जेवण झाल्यावर ती कामाला बसली, तेव्हा ते चित्र आलं. मागं खाटेवर मनकर्णाबाई मेथी निवडत होती. ठिपके जवळ आले, थांबले आणि डोक्याचा ठिपका खाली वाकला. घराचं दार ठेंगणं, बाबा उंच. ते असेच वाकून आत यायचे. वाकण्याचं तिनं लिहिलं नव्हतं.

"आई, दाराशी आलेत," ती म्हणाली.

मागून उत्तर आलं नाही. पडद्यावर मात्र आतल्या बाजूनं दुसरे ठिपके आले. ठेंगणे, दोन्ही बाजूंना झुलणारे, एका हाताचा ठिपका कमरेशी. दोघं समोरासमोर क्षणभर उभे राहिले, मग वळले आणि चालू लागले. आईच्या चालीबद्दल करुणानं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तिनं वळून बघितलं. खाटेवर अर्धी निवडलेली मेथी होती आणि दार सताड उघडं. ती अनवाणी बाहेर धावली. गल्लीत रणरणतं ऊन, दोन्ही टोकांपर्यंत माणूस नाही. असल्या गुडघ्यांची बाई इतक्या वेळात जाऊन जाऊन किती लांब जाणार, असं म्हणत ती घसा सुकेपर्यंत आईला हाका मारत फिरली.

परत आली तेव्हा चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. डोकं वाकलं, आई आतून आली, दोघं वळले. खाली नेहमीचा प्रश्न होता, दोघांच्या चालीला शब्द निवडा. दोन्ही शब्द तिला तोंडपाठ होते. पण शब्द निवडला की चित्र जायचं आणि जुनं चित्र परत कधी मिळायचं नाही. करुणानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि आई पुन्हा दारात येण्याची वाट बघत बसली.