निखळलेलं चाक आणि पांढऱ्या पायाची सून

भूमिका चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि सासूबाई इंदुबाई दारात उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होत्या. "पांढऱ्या पायाची हाय गो! नवी गाडी नि ही, एकाच महिन्यात घरात आली. तवापासून एक दिस धड नाय."

झालं होतं ते असं. भूमिकेचा नवरा साईराज पेणच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती पिकअपमधून रोह्याला नेत होता. निडीच्या वळणावर पुढचं चाक सांध्यातून निखळलं आणि गाडी शेतात घुसली. साईराज वाचला, मूर्ती भंगल्या. गणपती भंगले म्हणजे अपशकुन, आणि अपशकुनाचं खापर फोडायला सुनेच्या डोक्याइतकं सोयीचं डोकं दुसरं कुठलं? आज शोरूममध्ये ओढून नेलेल्या गाडीचं काय ते बघायचं आणि तिथूनच भूमिकेला नागोठण्याला माहेरी सोडायचं, असं घरात ठरलं होतं. साईराज मुकाट्याने भाकरी खात होता. असल्या नवऱ्यांच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा, देव जाणे.

रामवाडीच्या शोरूममधले मॅनेजर हैबतराव म्हणाले, "माल जास्त भरला असणार." मग इंदुबाईंच्या कपाळावरचा अंगारा बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "नाहीतर मावशी, गाडीची पूजा नीट झाली होती ना? घरात कुणी नवीन आलंय का?"

इंदुबाईंना तेवढंच हवं होतं. "बघ, साहेबपन तेच बोलतात!"

भूमिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती मागच्या आवारात गेली. तिथे त्याच बनावटीच्या पिकअप ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीचं पुढचं चाक तसंच आडवं पडलेलं. त्यांचे मालक बाजूला ताटकळत होते. ती तरातरा परत आली.

"या सगळ्यांच्या घरीपन मीच सून म्हनून गेले काय हो?"

हैबतरावांनी घाईने साईराजला कोपऱ्यात घेतलं. "तुमचं फुकट करून देतो. कंपनीने मजबूत सांधा पाठवलाय. फक्त बाहेर बोलू नका."

"म्हंजे कंपनीला ठाव हाय!" मागोमाग आलेली भूमिका ओरडली. "मग सगळ्यांना बोलावून का नाय बदललंत? मानूस मरायची वाट बघत व्हतात?"

आवाज ऐकून गाड्यांचे मालक आत आले. साईराजने पहिल्यांदा मान वर केली. "आई, भूमिका नागोठण्याला जानार नाय. आन् या सगळ्यांच्या गाड्या फुकट दुरुस्त होईस्तोवर आपली गाडी इथून हलनार नाय." इंदुबाई बाकावर बसल्या.

त्या मालकांतला रोह्याचा काळुराम मात्र दारातच थांबला होता. "माझं चाक गेलं, तवा आमी रंभाला माहेरी धाडली," तो हळूच म्हणाला. "शिमग्यापासून तिथंच हाय."

"गाडीला नवा सांधा मिळंल, दादा," भूमिका म्हणाली. "वयनीला आनायला कधी जाताय?"

कंपनीची चूक एक दिवस कंपनीच्या पदरात घालता येईल. रंभाला घराबाहेर काढणारे हात मात्र कंपनीचे नव्हते.