ओळख न दाखवण्याची रीत

मोगामींच्या तोमिएने गल्लीत सांगून टाकलं होतं की सासूबाईंचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे, म्हणून आम्ही दोघं अकिताला चाललो. श्राद्धाला अठरा दिवस लागत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण फुनाबाशीच्या त्या गल्लीत असले हिशेब कुणी तोंडावर मांडत नसे. खरा प्रवास सांगितला, तर लोक प्रवासखर्चाच्या पैशांची पाकिटं घेऊन दारात येतात आणि मग परतताना बारा घरांसाठी मिठाईची बारा खोकी आणावी लागतात. तोमिएची अडचण मात्र बारा घरांची नव्हती, एकाच घराची होती. तेही कुंपणापलीकडचं, कुवाबारांचं.

कुवाबारा आणि मोगामी ही दोन जोडपी आठ वर्षं एकच बेत करत होती. योकोहामाहून मोठ्या जहाजात बसायचं, नाहा, कीलुंग, हाँगकाँग, दा नांग करत सिंगापूरला जायचं आणि परत यायचं. कुवाबारांनी तर त्यासाठी पांढरी टोपीसुद्धा आणून ठेवली होती. जानेवारीत एका सकाळी ते बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. आता त्यांच्या बायकोला, यासुनोला, वर्षभर सुतक. नववर्षाची पत्रं नाहीत, सणसमारंभ नाहीत, मग मौजेचा प्रवास कुठला?

तोमिएचा नवरा तात्सुओ म्हणाला, पुढच्या वर्षी माझा गुडघा नाही म्हणेल. तोमिएने थोडे आढेवेढे घेतले, पण ते लोकलज्जेपुरते. तिलाही जायचंच होतं. कुंपणावरून पर्सिमनची फळं देता देता तिने यासुनोला अकिताचं सांगितलं. यासुनोने मान डोलावली आणि म्हणाली, मीही थोडे दिवस लेकीकडे नागानोला जाईन म्हणते. तोमिएला हायसं वाटलं. आपल्या अंधाऱ्या खिडक्या बघायला शेजारी कुणी नसेल.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाजावरच्या बायकांच्या सामाईक न्हाणीघरात, वाफेत, तोमिए हनुवटीपर्यंत गरम पाण्यात बसली होती. समोर एक बाई पाठमोरी बसून अंग धूत होती. उजव्या खांद्यावर दुखण्यावरची औषधी पट्टी होती. ती पट्टी गेली चार वर्षं तोमिएच लावून देत आली होती, कारण यासुनोचा हात तिथवर पोचत नसे. या वेळी ती कुणी लावली कोण जाणे, तिरकी लागली होती.

तोमिएला आधी राग आला. नवऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं आणि ही बाई जहाजावर! मग तिला अकिता आठवलं आणि राग गिळावा लागला. ती यासुनो बाहेर जाईपर्यंत पाण्यातच बसून राहिली. खोलीवर आली तेव्हा उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती.

"मग जाऊन बोल ना तिच्याशी," तात्सुओ म्हणाला.

"काय बोलू? अकिताला सुखरूप पोचले म्हणून?"



त्यांच्या गल्लीत भिंती पातळ होत्या. रात्री एखाद्या घरात भांडण झालं, तर सकाळी त्या घरच्या बाईला हवेपाण्याचं विचारायचं आणि पुढे जायचं, ही रीत. न दिसणं हीसुद्धा शेजाऱ्याला करायची मदतच. एकतीस वर्षं दोघींनी ती चोख केली होती. एकतीस वर्षांत एकमेकींना आडनावानेच हाका मारल्या आणि एकमेकींचं सगळं न विचारता जाणलं. यासुनोनेही त्यांना कुठेतरी पाहिलं असणारच; तेव्हा जहाजावरही काही ठरवावं लागलं नाही. मोगामी लवकरच्या पंगतीला जेवू लागले, यासुनो उशिराच्या. सकाळचा व्यायाम तोमिएचा, दुपारचा चहा यासुनोचा. नऊशे माणसांच्या जहाजावर दोन बायकांनी एकमेकींना चुकवायचं, तर एकमेकींवर बारीक लक्ष ठेवावं लागतं, आणि ते दोघी ठेवत होत्या.

एकदा जिन्यावरून तोमिएला जेवणघर दिसलं. यासुनो खिडकीपाशी बसली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडलं होतं, पेल्यात बिअर ओतली होती. गावाला गेलेल्या माणसासाठी घरी मांडतात तसं. आत्ता जावं आणि तिच्या शेजारी बसावं, असं तिला खरोखर वाटलं. पण गेलं की यासुनोला नागानोचं सांगावं लागणार, आपल्याला अकिताचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून ती जिना चढून गेली.

पाचव्या दिवशी कीलुंग आलं. तैवानचं घड्याळ जपानच्या तासभर मागे, पण मुक्काम काही तासांचाच, म्हणून जहाजाने आपलं घड्याळ बदललं नव्हतं. सकाळी तीनदा सांगितलं, गावातल्या घड्याळाकडे बघू नका, आपल्या वेळेने चारला सगळे जहाजावर हवेत. पाऊस भुरभुरत होता, तिथे तो असतोच. तात्सुओ गुडघा धरून जहाजावरच राहिला. तोमिए एकटी देवळाजवळच्या खाऊगल्लीत फिरत होती.

एका टपरीत यासुनो बसली होती. पुढ्यात माशांच्या गोळ्यांच्या सुपाची रिकामी वाटी, आणि डोक्यावर भिंतीला घड्याळ. त्यात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तोमिएने मनगटाकडे पाहिलं. तीन पंचवीस.

बंदर पंधरा मिनिटांवर होतं. हिच्या ध्यानात असेल ना? यासुनो कधी हातात घड्याळ घालत नसे, वेळ नवऱ्याला विचारायची. पण सकाळी तीनदा सांगितलं होतं. आणि ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. हाक मारली, तर इतके दिवस दोघींनी जीव मुठीत धरून सांभाळलेलं सगळं भर रस्त्यात सांडलं असतं, आणि अपमान तिचाच जास्त झाला असता, सुतकातल्या बाईचा. आपण गप्प राहतो ते तिच्यासाठीच, असं तोमिएला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. ती शेजारच्या गाडीपाशी थांबली, उगाच चार पेरू निवडून घेतले आणि मागे न बघता चालू लागली.

चार वाजून दहा मिनिटांनी जहाजावर कुवाबारा हे नाव पुकारलं गेलं. वीस मिनिटांनी पुन्हा. तोमिएने फोन काढला. नंबर होता. पण काय म्हणून करायचा? अकिताहून? फोन हातात धरून ती कठड्यापाशी उभी राहिली. पाऊण तास वाट बघून दोर सोडले. खाली धक्क्यावर बंदराचा एक माणूस यासुनोची छोटी बॅग आणि पासपोर्ट घेऊन छत्रीखाली उभा होता. तो लहान लहान होत गेला.

पेरू कुणी खाल्ले नाहीत. खिडकीपाशी दुसरं जोडपं बसू लागलं. हाँगकाँग झालं, दा नांग झालं, सिंगापूर झालं. तोमिएचे तिन्ही ठिकाणचे फोटो आहेत, सगळ्यांत ती हसते आहे.

मोगामी फुनाबाशीला परतले, तेव्हा यासुनो केव्हाच विमानाने घरी आली होती. कुंपणावरून नमस्कार झाले, थंडी पडायला लागली यावर एकमत झालं. अकिता कसं होतं, नागानो कसं होतं, हे दोघींनीही विचारलं आणि दोघींनीही छान होतं असं सांगितलं. तोमिएला वाटलं होतं की हे झालं की संपेल. पण तिची झोप उडाली. आपल्याला एक हाक मारता आली नाही, हे तिला भाताच्या प्रत्येक घासाला आठवे. तात्सुओ म्हणाला, मिटलेलं उकरू नकोस. तिने तीन आठवडे उकरलं नाही. चौथ्या आठवड्यात ती कुवाबारांच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत कुवाबारांच्या फोटोपुढे तिने उदबत्ती लावली. मग यासुनोकडे वळून चटईला कपाळ टेकवलं.

"कुवाबारा-सान, कीलुंगला मी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्हाला उशीर होतोय हे मला कळत होतं. मी हाक मारली नाही."

यासुनोने चहा ओतला आणि पेला तिच्यापुढे सरकवला.

"मीही तुम्हाला पाहिलं होतं," ती म्हणाली. "उठा, चहा घ्या."

तोमिए उठली, पण पेल्याला हात लावायचं धैर्य होईना. यासुनो कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते सांगावं, तशा आवाजात बोलत होती. तिच्या बोलण्यात रागाचा मागमूस नव्हता.

"त्या घड्याळाचा मला भरवसा वाटत नव्हता. कुणाला विचारावं, तर भाषा येत नाही. निघावं म्हणून मी उठणारच होते, छत्रीसुद्धा हातात घेतली. तेवढ्यात तुम्ही आलात. माझ्याकडे पाहिलंत, घड्याळाकडे पाहिलंत, आणि सावकाश पेरू निवडायला लागलात. म्हटलं, उशीर झाला असता तर मोगामी-सान मला हाक मारल्याशिवाय राहिल्या नसत्या. म्हणून मी बसूनच राहिले. आणखी एक वाटी मागवली."