टिंग न झालेलं मत

सिरे सान्यांगनं मधल्या पिंपाच्या नळीत गोटी टाकली, कान लावला, आणि काहीच ऐकू आलं नाही.

गांबियात मत द्यायचं म्हणजे पिंपात काचेची गोटी टाकायची. आतल्या घंटीवर ती आपटते, टिंग वाजतं, आणि पडद्याबाहेरचा अधिकारी वहीत खूण करतो. उमेदवारागणिक एक पिंप. त्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणायलाही बंदी. सायकलला घंटी असते, पण मताधिकार नसतो.

सिरे बाहेर आली. टेबलामागे केंद्रप्रमुख बिरान जूफ बसला होता. समुद्राकडचा माणूस, सेरेर जमातीचा. सिरे भात पिकवणाऱ्या जोलांतली.

"टिंग नाही झालं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. गोटी गेली. घंटी बिघडलीय."

"की भाताचं शीत समजून गिळलीस? तुम्हा जोलांचा काय भरवसा!"

रांग खदखदून हसली. जोला आणि सेरेर म्हणजे म्हणे एकाच होडीतल्या दोन बहिणींची लेकरं. होडी मधोमध फुटली, एक बहीण या काठाला लागली, दुसरी त्या. तेव्हापासून दोघांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, असा रिवाज. सिरेची त्याला ना नव्हती. गेल्याच आठवड्यात तिनं एका सेरेर कोळ्याला सांगितलं होतं, तुझ्यापेक्षा तुझा मासा देखणा आहे. पण आज तिचं काम खरं होतं, आणि खऱ्या कामाची त्या रिवाजात सोयच नव्हती.

"जूफ, मी थट्टा करत नाहीये."

"बघा, किती छान करते!"

पुन्हा हशा.

तीन वर्षं झाली, नदीचं खारं पाणी सिरेच्या भातखाचरात शिरत होतं. जमिनीवर मिठाची साय धरली होती. भातवाल्यांची लेक, आणि आता बोटीतून आलेल्या पोत्यांतला तांदूळ शिजवत होती. खाडीला बांध घालीन असं म्हणणारा उमेदवार एकच, आन्सू. मधलं पिंप त्याचं. ती गोटी म्हणजे सिरेच्या लेखी बांधाचा पहिला दगड होता.

"वहीत खूण कर."

"टिंगशिवाय खूण नाही. नियम आहे."

"मग दुसरी गोटी दे."

"तुझ्या बोटाला शाई लागलीय. नियम आहे."

"मग पिंप उघड."

"ते संध्याकाळी, मोजताना. खुणांपेक्षा गोटी जास्त भरली तर एक बाद करू. निय—"

"कळलं! मग मी आहे तरी काय? मत दिलेली की न दिलेली?"

बिराननं वरच्या कचेरीला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, टिंग नेमकं किती वाजता झालं नाही? बिराननं घड्याळात बघून वेळ सांगितली. तिकडे नोंद झाली. फोन संपला.

मग पोलीसबाईनं सिरेच्या डोक्याचं फडकं सोडून गोटी शोधली. एक चघळायचं कोलाफळ आणि कपाटाची किल्ली निघाली. ऊन चढलं. सिरेच्या खाचराशेजारच्या तिघी रांगेत होत्या, त्या म्हणाल्या, "ओहोटी लागली बाई, कालवं काढायला जातो. तुमचं आटपलं की हाक मारा." आणि खाडीकडे गेल्या.

झाडाखाली चहा पीत बसलेले कारामोकाका कधीचे मत देऊन मोकळे झाले होते. त्यांना राहवेना.

"अगं पोरी, मधल्या पिंपात आवाज होतच नाही. आम्ही सकाळी तोंडानंच 'टिंग' म्हणून आलो."

म्हणजे काकांचं मत आन्सूला, हे सगळ्यांना कळलं. मत गुप्त असतं. मग, कुणीही विचारलं नसताना, सहाजण एका सुरात म्हणाले, "मी नाही हं म्हटलं!"

सिरे बिरानकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"कानावर येतं ते मी लिहितो. कशातून आलं, असा रकाना वहीत नाही."

सिरे पडद्यामागे गेली. पन्नाशीची बाई, चार नातवंडांची आजी. पिंपासमोर उभी राहून तिनं दात-ओठ खात म्हटलं, "टिंग."

"घंटीला पडसं झालंय वाटतं," बिरान म्हणाला, आणि त्यानं खूण केली.

नदीकाठच्या त्या एवढ्याशा वॉर्डात केंद्र एकच, त्यामुळे निकालही तिथंच लागायचा. संध्याकाळी गोट्या भोकांच्या पाटांवर मांडल्या. बिराननं दोनदा मोजल्या. सगळ्या पिंपांत मिळून खुणांइतक्याच गोट्या निघाल्या, एकही बाद झाली नाही. सिरेनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग बिरान दारात आला. "आन्सू दोन गोट्यांनी पडला."

सिरे मोठ्यानं हसली. "मासेखाऊ मेल्या! तुझ्या बापाला तरी दोनाच्या पुढं मोजता येत होतं का?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. कारामोकाका रिकाम्या पेल्यात बघत होते. कुंपणाशी त्या तिघी उभ्या होत्या, कालवांच्या टोपल्या डोक्यावर तशाच, बोटांना शाई नाही.

"खरं सांगतोय, सिरे," बिरान म्हणाला.

"बघा, किती छान करतो," ती म्हणाली, आणि कुणीतरी हसेल म्हणून थांबली.