टायरचं जावळ

मला दर वाढदिवसाला मोटरसायकलचं काहीतरी मिळतं. आणि गेली दोन वर्षं मी मोटरसायकल चालवलेलीच नाही. हे परवापरवापर्यंत फक्त उस्तादला ठाऊक होतं. उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक.

घरात या आणि बघा एकदा. ऑफिसवाल्यांनी दिलेली हेल्मेटच्या आकाराची की-चेन, मेहुण्याने दिलेले नवे कोरे टायर, सासूबाईंनी दिलेलं गाडीचं कव्हर, बायकोने दिलेले चामड्याचे ग्लोव्ह्ज. माझ्या चहाच्या कपावरसुद्धा मोटरसायकल! एखाद्याने साधा रुमाल दिला असता तर मी त्याचे पाय धरले असते. पण नाही. ऑफिसात मी 'रायडर', सासरी 'रायडर', वॉचमनसुद्धा 'रायडरसाहेब' म्हणून सलाम ठोकतो. माझ्यात कौतुक करण्यासारखी सगळ्यांना ही एवढी एकच गोष्ट सापडली, आणि नेमकी तीच माझ्यात उरलेली नाही.

झालं ते असं. वळणावर बारीक खडी पडलेली होती. गाडी घसरली, मी फरफटत गेलो आणि समोरून आलेल्या ट्रकचं चाक माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. अंगाला ओरखडाही नाही. क्लचचा दांडा तुटला, तो उस्तादने बदलून दिला. घरी काय सांगणार? काही झालंच नव्हतं. पण तेव्हापासून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची म्हटलं की ते चाक डोळ्यांपुढे येतं आणि दोन्ही पाय जमिनीवर येतात. लाज वाटते हो, दुसरं काय!

मग रविवारचं सोंग सुरू झालं. सकाळी सहाला सगळा जामानिमा चढवायचा, गॅलरीतल्या बायकोला हात करायचा, गेटबाहेर पडलं की दोन्ही पाय जमिनीला घासत पहिल्या गिअरमध्ये कोपरा गाठायचा आणि गॅरेजात शिरायचं. उस्ताद स्टूल पुढे करतो. मग तीन तास मी चेन धुतो, तिला तेल देतो, हवा तपासतो. माझ्या गाडीइतकी स्वच्छ चेन सबंध शहरात नसेल. घाण व्हायला ती फिरते कुठे? निघताना उस्तादच्या ट्यूबलाइटखाली पडलेले दोन मेलेले किडे हेल्मेटच्या काचेला चिकटवायचे. हो, या थराला गेलोय मी. बायको ते ओल्या फडक्याने पुसते आणि म्हणते, "आज लांब गेला होतात वाटतं."

उस्ताद एकदा म्हणाला होता, "साहेब, बाकी सगळं लपेल, पण टायरचं जावळ लपायचं नाही." नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. गाडी दोन दिवस पळली की झडून जातात. मेहुण्याने दिलेले टायर बसवून वर्ष झालं, तरी त्यांच्यावर ते जसेच्या तसे उभे होते.

या वाढदिवसाला लेकीने मोठं खोकं पुढे ठेवलं. तिची पहिली नोकरी, त्यातून आणलेलं रायडिंग जॅकेट. आत एक नाही, दोन होती.

"दुसरं माझं," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे. मला घाट दाखव बाबा. लहानपणापासून नुसतं ऐकतेय."

इकडे आड, तिकडे विहीर. कंबर दुखतेय म्हणून बघितलं, तर बायकोने मलम आणून चोळून दिलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी लेक मागे बसली आणि तिने माझ्या पोटाला मिठी घातली. सगळी सोंगं आणता येतात, पण मागे पोटची पोर बसल्यावर कसलं सोंग आणणार? गेटबाहेर आलो आणि पाय आपोआप खाली गेले.

"बाबा, पाय वर घे की."

"घेतो."

घेतले नाहीत. गाडी पाय घासत कोपऱ्यावर आली आणि सवयीने गॅरेजात वळली. उस्तादने नेहमीप्रमाणे स्टूल पुढे केलं. मग मागे बघितलं, चपापला आणि आतून दुसरं स्टूल घेऊन आला.

लेक बसली. तिच्या डोळ्यांसमोर मागचं चाक होतं. टायरच्या केसांवरून तिने बोट फिरवलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या तेलाच्या डब्याकडे आणि फडक्याकडे पाहिलं.

"दर रविवारी इथेच?"

"दर रविवारी." मग सगळंच सांगून टाकलं. ट्रक, चाक, किडेसुद्धा. "मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

तिने फडकं उचललं आणि चेन पुसायला लागली. पुसून, तेल देऊन होईपर्यंत तासभर गेला आणि तिचा फोन वाजला. आईचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"हो गं आई, पोहोचलो वर. काय मस्त वारा आहे! बाबाने काय चालवली म्हणून सांगू!"

जरासुद्धा अडखळली नाही. हुबेहूब माझ्यासारखं खोटं बोलली. माझं एक ठीक होतं, पण या पोरीला आता दर रविवारी हेच करावं लागणार. पुरे झालं म्हटलं.

"दे तो फोन इकडे," मी म्हणालो आणि जवळजवळ हिसकावूनच घेतला. "ऐक, तुला एक सांगायचंय..."

"आधी माझं ऐका!" बायकोचा आवाज नुसता फुलून आला होता. "तुम्ही दोघं निघालात ना, तेव्हा गॅलरीत मला राहवेना. मीपण जॅकेट मागवलंय. पुढच्या रविवारी मी बसणार मागे. पंचवीस वर्षं नुसता हात करतेय हो मी! आणि वर गार असेल, ग्लोव्ह्ज घातलेत ना?"

ग्लोव्ह्ज माझ्या मांडीवर होते. लेक फडकं हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"घातलेत," मी म्हणालो.