रविवारचा मिठाचा पुडा

मी हरणाबाईचा थर्मास. पाऊण लिटरचा, स्टीलचा, निळ्या झाकणाचा. बुडाशी एक पोचा आलाय, झाकणातली रबरी रिंग सैल झालीय, पण ऐकायला अजून सगळं नीट येतं. आयुष्य बाजारच्या पिशवीत गेलं, त्यामुळं बघण्यापेक्षा ऐकणंच जास्त झालं. जे ऐकलं ते तुम्हाला सांगतो. दुसरं कुणी विचारत नाही.

कारखान्यातनं निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही दोघं होतो. मी निळ्या झाकणाचा, तो लाल झाकणाचा. खोक्यावर पिवळा कागद चिकटवला होता : 'एकावर एक मोफत'. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही येऊन पडलो. दिवाळी होऊन गेली होती. न खपलेला माल एका मोठ्या टोपल्यात ओतून ठेवला होता, त्यात आम्ही. तिथं पडल्या पडल्या मी माणसं पाहिली. जुनी किंमत खोडून शेजारी नवी लिहिली की हात आपोआप पुढं येतो. घरी थर्मास असलेली माणसंही आम्हाला उचलून, हलवून बघायची. मग 'दोन-दोन काय करायचेत?' म्हणून परत ठेवायची.

एका रविवारी दुपारी दोन बायकांनी आमचं खोकं एकाच वेळी धरलं.

एक पन्नाशीपुढची, काळीसावळी, कपाळावर गोंदलेली, अंगावर दवाखान्यातल्या आयाची निळी साडी. ती हरणाबाई. दुसरी तिशीची, पाठीशी पाच-सहा वर्षांची मुलगी. ती संयोगिता.

"मला एकच पायजे," हरणाबाई दुकानातल्या माणसाला म्हणाली. "डुटीवर चहा न्याया. एक फोडून दे की रं."

"फोडून मिळत नाही मावशी. खोकंच घ्यावं लागतंय."

"मलापण एकच हवाय," संयोगिता म्हणाली. "हिचा घसा सारखा धरतोय. शाळेत गरम पाणी द्यायला."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. हरणाबाईच आधी हसली.

"मग अर्धं अर्धं घेऊया की, पोरी. तू त्या पिवळ्या बिल्डिंगीच्या मागल्या खोल्यांत ऱ्हातीस न्हवं? मी शेवटच्या खोलीत हाय."

काउंटरवर मोबाईल नंबर विचारला. हरणाबाई म्हणाली, "माझा नको. मला मेसेज वाचाया येत न्हाई. तुझाच घाल." संयोगितानं आपला नंबर सांगितला. त्या दिवसापासून हरणाबाईची खरेदीही त्याच नंबरवर जाऊ लागली. एकटी दुकानात गेली तर अडू नये म्हणून तिनं ते दहा आकडे पाठ केले. वडाप रिक्षात, माणसं भरून नेणाऱ्या, बसून ती ते पुटपुटायची. शेजारची बाई सरकून बसायची, तिला वाटायचं कसला मंत्रच म्हणतेय.

हरणाबाईचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं घर. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मिरजेतल्या एका दवाखान्यात ती आयाचं काम करायची. संयोगिता कोरेगावकडची. घरी ऊस होता, पण तिचा नवरा धैर्यशील फौजेत हवालदार. मुलीच्या, राजनंदिनीच्या शाळेसाठी ती मिरजेत खोली घेऊन राहिली होती. लाल झाकणाचा माझा भाऊ तिच्याकडं गेला. मधे चार खोल्यांचं अंतर होतं. संध्याकाळी आम्हाला धुतलं की आम्ही दोघं बाहेरच्या सामाईक ओट्यावर शेजारी शेजारी वाळत पडायचो.

पुढं तीन वर्षं त्या दोघींनी काय काय अर्धं केलं! पाचावर एक साबण, तेलाची जोडपाकिटं, दोन किलोवर अर्धा किलो साखर. दोघींची अक्कल वेगवेगळी होती आणि ती बरोबर जुळायची. संयोगिता फोनवर ऑफर शोधायची, कुठला कोड टाकला की किती कमी होतं ते तिला ठाऊक. हरणाबाई दवाखान्यातल्या शिळ्या पेपरातली कुपनं कापून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायची. एकही कुपन तारीख उलटून वाया गेलेलं मी ऐकलं नाही.

"हंगाम सरला की वस्तू घ्याची," ती शिकवायची. "रेनकोट दसऱ्याला, स्वेटर शिमग्याला. आनि पोरीला एक नंबर मोठा घे. पोरं काय थांबत्यात व्हय?"

राजनंदिनीचा गुलाबी स्वेटर असाच मार्चच्या उन्हात घेतला होता. पोरीनं तो दुकानातच अंगावर चढवला आणि घामाघूम होऊन घरापर्यंत काढला नाही.

खरेदी झाली की स्टॉपवर भडंगाची एक पुडी. वाचवलेल्या पैशातली, दोघींत एक. बोटं तिखट करत दोघी हसायच्या. मला वाटायचं, माणसं सेलमध्ये जातात ती एवढ्यासाठीच.

मग धैर्यशीलला अंबाल्याला फॅमिली क्वार्टर मिळालं.

शाळेचं वर्ष संपलं तशी खोली रिकामी झाली. ट्रंका बांधल्या. जाताना संयोगिता हरणाबाईच्या पाया पडली आणि रडली. "मावशी, दुकानात गेलात की माझाच नंबर सांगा हं. मला मेसेज येतोय. मला कळंल तरी, मावशी आज बाजाराला गेल्या म्हणून."

लाल झाकणाचा माझा भाऊ राजनंदिनीच्या गळ्यात पट्ट्यानं लटकत होता. रिक्षा वळली आणि तो दिसेनासा झाला. ओट्यावर मी एकटा वाळत राहिलो.

त्यानंतर ऑफरी आमच्या वैरिणी झाल्या. मोठ्या दुकानातलं सगळं स्वस्त दोघांसाठी असतं, हे मला तेव्हा समजलं. सहा साबणांतले तीन वापरायच्या आत कोरडे पडून चिरायचे. फुकटातला बिस्कीटपुडा मऊ पडायचा. हरणाबाईनं दवाखान्यातल्या बायकांना विचारून पाहिलं, "अर्धं घेतीस का गं?" त्या म्हणायच्या, "आमच्या घरात सात माणसं हायत मावशी, आमालाच पुरत न्हाई." हळूहळू कुपनांची डबी रिकामी झाली, ती परत भरली नाही.

पण फोन यायचा. "मावशी, काल डाळ घेतलीत न्हवं? मेसेज आला मला!" संयोगिता तिकडून ओरडून सांगायची. हरणाबाईचं तोंड असं उजळायचं, जसं कुणी दारातनं हाक मारलीय.

पहिल्या वर्षी असे फोन पुष्कळ आले. दुसऱ्या वर्षी कमी झाले. मग दिवाळीला एक आला, संक्रांतीला एक, तोही दुसऱ्याच नंबरवरनं. हरणाबाईला वाटलं, नवऱ्याच्या फोनवरून केला असेल. आपण होऊन ती कधी फोन लावायची नाही. "तिचा संसार हाय. कामात असंल. आपुन कशाला मधीच?" असं ती मला, म्हणजे भिंतीला म्हणायची.

आणि मग संक्रांतीनंतर तिनं एक गोष्ट सुरू केली, जी मला आधी उमगलीच नाही.

रविवारी दोनला ड्युटी संपली की ती थेट त्या दुकानात जायची. दारावरचा वॉचमन पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा, आत मी. ती सगळ्या दुकानातनं सावकाश फिरायची आणि एकच वस्तू घ्यायची : खडेमिठाचा पुडा. तिथली सगळ्यात स्वस्त आणि कधी न नासणारी वस्तू. मिठावर ऑफर नसते. जन्मात पूर्ण किमतीला काही न घेतलेली बाई, जायचं-यायचं रिक्षाभाडं घालून दर रविवारी छापील किमतीचं मीठ आणू लागली. काउंटरवर ते दहा आकडे मात्र स्पष्ट, एकेक करून सांगायची.

तेव्हा मला कळलं. मीठ तिला नको होतं. अंबाल्यात एक फोन वाजायला हवा होता.

पुडे खाटेखाली साठत गेले. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटलं, तिनं खाली पोतं अंथरलं. काउंटरवरची पोरगी, क्रांती तिचं नाव, ओळखीची झाली होती.

"मावशी, लोणच्याचा धंदा काढलाय काय?" ती विचारायची.

"व्हय की," हरणाबाई म्हणायची. "आंब्याचं तेवढं राह्यलंय आणायचं."

दसऱ्याच्या अलीकडचा रविवार. सेल लागला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हरणाबाईनं पुडा ठेवला, नंबर सांगितला. क्रांती म्हणाली, "मावशी, ह्या कार्डावर लय पॉइंट साठल्यात. एकशेऐंशी रुपयांचं. म्हैनाअखेर जातील वाया. ओटीपी जाईल त्या नंबरवर, जरा विचारून सांगा."

हरणाबाईचा आवाज एकदम बदलला. "फोन लावू म्हंतीस? लावते की. त्याला काय!"

किती महिने तिला हे एक कारण हवं होतं. तिनं साध्या बटणांचा फोन काढला, आकडे दाबले, स्पीकर लावला. मी बंद पिशवीत श्वास रोखून होतो, थर्मासाला असतो तेवढा.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज.

"धैर्यशीलराव का? मी हरणाबाई, मिरजेची. संयोगिता हाय न्हवं?"

"राँग नंबर, काकू."

"आवं, राँग कसा? मला तोंडपाठ हाय."

"काकू, चार म्हैनं झालं हा नंबर मला मिळालाय. मी साताऱ्याहनं बोलतोय, नानासो. आधी कुणाचा हुता ते ठावं न्हाई..." मग तो एकदम थांबला. "आवं, त्ये दुकानाचं मेसेज तुमचं व्हय? दर रविवारी बारा रुपय! मी घरात म्हटलं बी, कोण हाय हे, रविवारचं रविवारी बारा रुपयाची खरेदी करतंय!" तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. "हां, आत्ता आला बघा ओटीपी. सांगू का?"

"सांगा," हरणाबाई म्हणाली.

त्यानं चार आकडे सांगितले. क्रांतीनं ते दाबले. मागं रांग चुळबुळत होती.

"मावशी, बारा रुपये वजा झाले. अजून एकशेअडुसष्टचं काहीतरी घ्या की. मी थांबते."

"काय नको."

"आवं, वाया जातील!"

"जाऊ दे."

तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. क्रांतीलाही काहीतरी जाणवलं असावं. ती हळूच म्हणाली, "मग आता कार्डाला तुमचाच नंबर लावू का?"

"लाव."

तिनं स्वतःचा नंबर सांगितला. तो तिला पाठ नव्हता, फोनच्या मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवरनं क्रांतीनंच वाचून घेतला. पावती फाडली गेली आणि हरणाबाईच्या हातातला फोन टुणकन वाजला.

"बघा, आला मेसेज," क्रांती म्हणाली. "'हरणाबाई, खरेदीबद्दल धन्यवाद.'"

घरी येऊन ती बराच वेळ उंबऱ्यात बसली. मग फोन घेऊन बटणं दाबत राहिली. संक्रांतीचा तो दुसरा नंबर तिनं खालपर्यंत जाऊन शोधून काढला आणि लावला.

"मावशी! बऱ्या हाय न्हवं?" संयोगिताचाच आवाज. मागं कुकरची शिट्टी, राजनंदिनी हिंदीत कुणाशी तरी भांडत होती.

"बरी हाय. तुझा त्यो जुना नंबर लागंना गं."

"अगोबाई, सांगायचंच राहिलं की! ते सिम बंद केलं मावशी. दोन-दोन रिचार्ज कशाला भरायचे? केवढे महाग झालेत. तुमीच शिकिवलंय न्हवं, लागत नाही तिथं पैसा घालायचा नाही?"

हरणाबाईच्या समोर खाटेखाली मिठाचे पुडे दिसत होते. मी फळीवरून तिचं तोंड बघत होतो.

"बरं केलंस," ती म्हणाली. "लय शाणी झालीस. राजीचा घसा कसा हाय?"

"आता काय होत नाही. इकडं थंडी लय, पण काटक झालीय. बाजाराला जाता का मावशी, रविवारी?"

"जाते की कवातरी."

संयोगिता वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तिनं आणखी पाच मिनिटं मायेनं चौकशी केली, कोरेगावला आल्यावर मिरजेला नक्की येते म्हणाली. येईलही. पण फोन ठेवल्यावर हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. मिठाबद्दल ती कुणाला काही बोलली नाही.

आठ दिवसांनी तिचा भाऊ धुळा डोळे तपासायला मिरजेला आला. खाट सरकवताना त्याला ते दिसलं.

"आक्का, आगं एवढं मीठ? किती पुडं हायत हे?"

"घिऊन जा. मेंढरास्नी हुईल."

"मेंढरास्नी हुईल, पर तू कशापायी आणलंस?"

"सेल लागला हुता," हरणाबाई म्हणाली. "लय स्वस्तात मिळालं."

धुळा खूश झाला. छत्तीस पुडे पोत्यात भरून, खांद्यावर टाकून त्यानं आटपाडीची एसटी धरली. मेंढरं मीठ आवडीनं चाटतात म्हणे.

आता रविवारी हरणाबाई घरीच असते. दुपारी चहा करते, एक कप पिते, उरलेला कपभर माझ्यात ओतते आणि झाकण लावते. तासाभरानं घ्यायला जाते तर कोमट झालेला असतो. ती मला दोष देते, "म्हातारा झालास रं तू बी." मी म्हातारा झालोय खरा. पण खरं कारण तिला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतो. थर्मास काठोकाठ भरला तर दिवसभर ऊब धरतो. कपभरच घातला तर आतली सगळी जागा रिकामी असते, आणि तो लवकर निवतो.

मिरजेला कधी कामानं आलात, तर पिवळ्या बिल्डिंगीमागं शेवटच्या खोलीचं दार वाजवा. म्हणा, चहा प्यायला आलोय. ती ओळख विचारणार नाही, आधण वाढवेल.